पावसाळ्यात शिटाकेच्या ओंडक्यांवर हिरवी बुरशी? आधी एप्रिल आठवा

शिटाके म्हणजे लाकडाच्या ओंडक्यांवर वाढवायची, खायची अळिंबी. तिच्याबाबत तक्रार बहुतेकांची सारखीच असते. जानेवारीत ओंडक्यांना भोकं पाडून बियाणं (शिटाके रुजवलेला भुसा नाहीतर लाकडी खुंट्या) भरलं, भोकं मेणानं बुजवली, सावलीला रचले, झारीनं पाणी मारलं. मे संपेपर्यंत सगळं ठीक. मग पावसाच्या दोन-चार सरी पडतात आणि पंधरा दिवसांत ओंडक्याच्या तोंडावर हिरवी भुकटी, सालीवर पांढरे केसाळ पंखे, एखाद्यावर डांबराचे थेंब सांडल्यासारखे काळे फोड. शिटाके मात्र एकही नाही. सगळे एकच निदान करतात, पावसानं बुरशी आणली. पुढच्या वर्षी नवे ओंडके, वरून प्लास्टिक, आणि जुलैत पुन्हा तेच.

मी वाईत राहते. परसात एक आंबा, एक जांभूळ आणि सासऱ्यांच्या काळातला सिमेंटचा हौद, एवढ्या जागेत २०२१ पासून हा उद्योग चालू आहे. पहिली तीन वर्षं वर लिहिलं तसंच झालं. पहिल्या वर्षी मी बियाण्याला दोष दिला, दुसऱ्या वर्षी पावसाला. तिसऱ्या वर्षी कारण सापडलं, पण ते शोधलं माझ्या मामेभावानं, तेही न ठरवता.

तो वर, पाचगणीजवळच्या थंड भिलारला असतो, स्ट्रॉबेरी करतो. २०२३ च्या जानेवारीत मी वीस ओंडके भरले होते. आंबा एकच, बियाणं एकाच पिशवीतलं, दिवसही एकच. आठ त्यानं जीपमध्ये घालून वर नेले, बारा माझ्याकडे राहिले. मे महिन्याच्या शेवटी तो खाली आला होता. परसात बसायला जागा करताना त्यानं माझा एक ओंडका उचलून बाजूला ठेवला आणि थबकला.

“आक्के, ह्यो तर फुलावानी हलका लागतोय. माझा उचलताना कंबर धरतीया.”

तेव्हा पाऊस पडलेला नव्हता. ओंडक्यावर बुरशीचा ठिपकाही नव्हता. दिसायला अगदी देखणा. पण त्याचं बोलणं डोक्यात राहिलं. पुढच्या फेरीत त्यानं त्याचा एक ओंडका आणला. दोन्हींच्या मधोमध करवतीनं एकेक चकती कापली, स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलली आणि ओव्हनमध्ये १०० अंशांवर, वजन घटायचं थांबेपर्यंत वाळवली. माझी चकती ३१० ग्रॅमची २३६ झाली, म्हणजे लाकडात पाणी होतं २४ टक्के. त्याची ३३० ची २०३ झाली, म्हणजे साडेअडतीस टक्के.

ताज्या तोडलेल्या लाकडात वजनाच्या चाळीस ते पन्नास टक्के पाणी असतं. शिटाकेच्या बारीक धाग्यांचं पांढरं जाळं त्याच पाण्यावर लाकडात पसरतं. पाणी तीस टक्क्यांच्या आसपास उतरलं की जाळ्याची वाढ थांबते, पंचविशीच्या खाली गेलं की ते मरायला लागतं. माझे बहुतेक ओंडके मे महिन्यातच मेलेले होते. पाऊस आला तेव्हा फक्त उघडकीला आलं.

हिरव्या-काळ्या बुरशीचे बीजाणू हवेत कायम असतात. जिवंत शिटाके त्यांना लाकडात शिरू देत नाही. ढोर मेलं म्हणून गिधाडं येतात, गिधाडं आली म्हणून ढोर मेलं असं कोणी म्हणत नाही. आपण ओंडक्याच्या बाबतीत नेमकं तेच म्हणत होतो.

२०२३ चा पाऊस आठवत असेल, जून सरत आला तेव्हा आला. जुलैत माझ्या बारापैकी दहा ओंडक्यांवर बुरशी उठली. वाचलेले दोन कुठले? हौदाच्या सांडव्याजवळ, ओलसर जमिनीवर आडवे पडलेले, ज्यांच्याकडे मी सर्वात कमी लक्ष दिलं होतं ते. आणि भिलारच्या सात ओंडक्यांवर (आठवा आपण कापला होता) त्या डिसेंबरात शिटाके धरले.

पाणी मारत होते, मग लाकूड वाळलं कसं

हा प्रश्न मलाही पडला, कारण मी रोज संध्याकाळी नियमानं झारी फिरवत होते. उत्तर सालीत आहे. साल हा झाडाचा रेनकोट. वरून मारलेलं पाणी साल ओली करतं आणि ओघळून जातं, आत फारसं शिरत नाही. लाकूड सुकतं ते मुख्यतः दोन्ही कापलेल्या तोंडांकडून आणि जिथे साल फाटली आहे तिथून. म्हणजे माझ्या झारीनं दुहेरी नुकसान केलं. आतलं लाकूड कोरडंच राहिलं, आणि बाहेरची साल रोज ओली होऊन परक्या बुरशीची सोय झाली.

लाकडात पाणी घालायचं तर ओंडका बुडवावा लागतो. पूर्ण, चोवीस तास. ओंडका तरंगतो, म्हणून वर पाट ठेवून दगड ठेवायचे. नळाच्या पाण्यात क्लोरीन असेल तर हौद आदल्या रात्री भरून ठेवायचा. अठ्ठेचाळीस तासांच्या वर ठेवायचा नाही, जाळ्यालाही श्वास लागतो. मी एका मे महिन्यात लग्नाला म्हणून सांगलीला गेले आणि तीन ओंडके चार दिवस हौदात राहिले. उन्हानं पाणी कोमट, वर फेस, वास ताडीच्या गुत्त्यासारखा. ते तिन्ही गेले.

वजन करा

आता मी ओंडका भरते त्याच दिवशी त्याच्या शेजारची एक चकती कापून वाळवते आणि प्रत्येक ओंडक्याच्या तोंडावर पत्र्याची चकती ठोकून नंबर देते. पुढचा हिशेब पाचवीतल्या मुलालाही जमेल.

माझा पाच नंबरचा ओंडका धरा. तीन फूट लांब, जेमतेम पाच इंच जाड. भरला त्या दिवशी वजन ९.६ किलो. त्याची चकती ४०० ग्रॅमची वाळून २२० झाली, म्हणजे पाणी ४५ टक्के, नुसतं लाकूड ५५ टक्के. तर ९.६ किलोत कोरडं लाकूड झालं ५.२८ किलो. हा आकडा वहीत लिहायचा. पाणी ३५ टक्क्यांवर आलं की ओंडक्याचं वजन किती असेल? ५.२८ भागिले ०.६५, म्हणजे ८.१ किलो. आणि ३० टक्क्यांवर? ५.२८ भागिले ०.७०, म्हणजे साडेसात. माझ्यासाठी ८.१ ही बुडवायची रेघ आणि ७.५ ही धोक्याची. फेब्रुवारीच्या शेवटापासून दर रविवारी स्प्रिंगच्या काट्याला लटकवून तीन-चार ओंडके मोजायचे, रेघेखाली आलेला रात्री हौदात टाकायचा. शिटाके लाकूड खात जाते, त्यामुळे वर्ष-दीड वर्षानं कोरड्या लाकडाचा आकडाच घटतो. जुन्या ओंडक्याला हा हिशेब तंतोतंत धरायचा नाही. पण जीव जातो तो पहिल्याच उन्हाळ्यात, आणि त्या उन्हाळ्याला तो पुरतो.

काटा नसेल तर दोन खुणा. बोटाच्या पेरानं ओंडका वाजवा: ओला बद्द वाजतो, वाळलेला टणटण. आणि तोंडाकडे बघा, मध्यापासून कडेला जाणाऱ्या चिरा रुंदावत असतील तर लाकूड सुकतं आहे. या खुणा उशिरा कळतात, म्हणून माझा भरवसा काट्यावरच.

जानेवारीचा मुहूर्त कुणाचा?

माझ्या मते खरी गोम इथे आहे. शिटाकेबद्दल जे काही वाचायला-बघायला मिळतं ते जपान नाहीतर अमेरिकेचं. तिथे सांगतात, हिवाळ्याच्या अखेरीस ओंडके भरा. बरोबर आहे, कारण त्यांच्याकडे हिवाळ्यानंतर वसंत येतो, ओलसर आणि सौम्य. आपल्याकडे हिवाळ्यानंतर शिमगा येतो. जानेवारीत भरलेल्या ओंडक्यात जाळं भोकाभोवती जेमतेम रुपयाएवढं पसरतं, तोवर मार्च उजाडतो. जाळ्याला सर्वात मानवतं तापमान बावीस ते सव्वीस अंश. वाईत एप्रिलच्या दुपारी पारा अडतीसच्या आसपास असतो, आणि उन्हात पडलेल्या ओंडक्याच्या आत त्याहून जास्त. चाळिशीच्या वर तास न् तास राहिलं तर शिटाके जगत नाही.

म्हणून मी मुहूर्त बदलला. २०२३ चा दसरा झाला आणि त्याच आठवड्यात ओंडके भरले. पावसाळ्यातली पालवी तोवर जून झालेली असते, मोहोराला अवकाश असतो, झाड विसावलेलं असतं, साल लाकडाला घट्ट धरून असते. हवेत ओल असते आणि पुढे चार-पाच महिने बरे जातात. उन्हाळा येईपर्यंत जाळं ओंडकाभर फिरलेलं असतं. पसरलेलं जाळं उन्हाळा काढतं, नुकतं रुजलेलं काढत नाही.

साल घट्ट असण्याचं महत्त्व मला दुसऱ्या वर्षी कळलं होतं. आंबे उतरल्यावर जूनमध्ये आम्ही झाड विरळ केलं, त्या फांद्या वाया कशाला घालवायच्या म्हणून भरल्या. झाड तेव्हा भरात असतं. दिवाळीपर्यंत साल केळीच्या सोपटासारखी सुटून आली. साल गेलेला ओंडका कामातून गेला असं समजायचं, कारण अळिंबीचा कोंब सालीखालीच धरतो. ज्यांची साल आपोआप सोलते, पेरू, निलगिरी, त्यांच्या वाटेला मी म्हणूनच जात नाही.

भोकंही आता जवळजवळ पाडते. सहा इंचांवर एक असं सगळीकडे सांगतात, मी चारवर आणलं आहे. दोन ओळींमध्ये दोन इंचांचं अंतर, पुढची ओळ मधल्या जागी सरकवून. बियाणं जास्त लागतं, पण जाळ्याला चालावं कमी लागतं. भुशाच्या बियाण्याला १२ मिलिमीटरचं ड्रिल, लाकडी खुंट्यांना साडेआठ. खोली इंचभर.

ओक म्हणजे कुठला ओक

थोडं विषयांतर, पण यात माझं पहिलं वर्ष गेलं. सगळीकडे लिहिलेलं असतं, ओकचं लाकूड सर्वात उत्तम. मी म्हटलं, पसरणी घाट चढला की ओकच ओक! पाचगणीला रस्त्याच्या कडेला जो सिल्व्हर ओक उभा आहे त्याच्या वाळत पडलेल्या फांद्या एका बंगल्याच्या माळ्याकडून आणल्या. सिल्व्हर ओकला नाव सोडलं तर ओकशी काही नातं नाही. ते ऑस्ट्रेलियातलं झाड, कुळच वेगळं. खरा ओक आपल्या सह्याद्रीत रानात उगवतच नाही. तो हिमालयात, बांज म्हणतात तो. नागालँडकडे ओकच्या ओंडक्यांवर शिटाके घेतात ते त्यामुळे. शिटाके या नावातलं ‘शी’ हेही जपानातल्या एका झाडाचं नाव आहे, आणि ‘ताके’ म्हणजे अळिंबी. त्यातून मी आणलेल्या सिल्व्हर ओकच्या फांद्या आधीच वाळत पडलेल्या, म्हणजे पाणी गेलेल्या आणि परक्या बुरशीनं घर केलेल्या. लाकूड हिरव्या झाडाचं हवं आणि तोडल्यावर दोन-तीन आठवड्यांत भरायला हवं.

मी आंब्यावर स्थिरावले कारण तो परसात आहे. झाड मात्र तोडू नका. आंबा, जांभूळ, फणस, हिरडा, ऐन, किंजळ ही सगळी १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड विनियमन कायद्याच्या यादीत आहेत, परवानगीशिवाय पाडता येत नाहीत. महाबळेश्वर-पाचगणीचा भाग तर २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर आहे. म्हणून ओंडके वाईतून भिलारला जातात, तिकडून इकडे नाही. दहा-बारा ओंडक्यांना घरच्या झाडाच्या, छपरावर आलेल्या चार फांद्या पुरतात.

भिंत, मेण आणि बारदान

ओंडके मी न्हाणीघराच्या पश्चिमेच्या भिंतीला उभे केले होते. वर हिरवी जाळी, त्यामुळे सावली आहे असं समाधान. ती जाळी पन्नास टक्क्यांची, म्हणजे निम्मं ऊन खाली येतच होतं. आणि तापलेली भिंत रात्री दहापर्यंत चुलीसारखी धग सोडत होती. आता सगळे जांभळाखाली, उत्तरेच्या अंगाला. उन्हाळ्यात जमिनीलगत, विटांच्या एका थरावर, एकमेकांना चिकटून आडवे. पावसाळ्यात याच्या उलट: चौकट रचायची, दोन आडवे, त्यावर काटकोनात दोन, मधून वारा खेळला पाहिजे. एकच रचना बारा महिने ठेवली की एका हंगामात ती चुकतेच.

बारदान ओलं करून वर टाकायला हरकत नाही, पण ओंडक्याला टेकू देऊ नका. चार खुंट्या रोवून हातभर वर बांधा. प्लास्टिक नकोच.

मेणाचं थोडक्यात. मेणबत्तीचं मेण कडक असतं, तडकून खपली निघते आणि भोक उघडं पडतं. मी त्यात मधमाशीचं मेण मिसळते. महाबळेश्वरकडे मधाचा धंदा मोठा, मांघर तर मधाचं गाव म्हणूनच ओळखलं जातं, त्यामुळे मेण मिळायला अडचण नाही. भोकांबरोबर ओंडक्याची दोन्ही तोंडंही मेणानं माखते. बुडवून पाणी पाजायचं तर तोंडं मोकळी हवीत असं काहींचं म्हणणं आहे, आणि ते चूक नाही. मेण लावल्यावर पाणी सावकाश शिरतं. पण जातंही सावकाश, आणि वाईच्या उन्हात मला जाणाऱ्याची काळजी जास्त.

कुठली बुरशी काय सांगते

पांढरे, केसाळ, नखाएवढे पंखे दाटीनं आले असतील तर एक उलटून बघा. खालच्या पट्ट्या मधोमध चिरलेल्या दिसतील. ही उन्हात तापून वाळलेल्या लाकडाची निशाणी, आंब्यावर तर हमखास. काळे कडक फोड, कोळशाच्या कण्यांसारखे, तेही तापलेल्या ओंडक्याचं लक्षण. पातळ, एकावर एक, रंगीत वलयांचे पापुद्रे आले तर समजा शिटाकेचं बियाणं पोहोचण्याआधीच लाकडात दुसऱ्यानं मुक्काम केला होता, म्हणजे लाकूड शिळं होतं.

हिरव्या भुकटीचं मात्र दोन प्रकारे होतं. ती बहुतेक वेळा ट्रायकोडर्मा, दुसऱ्या बुरशीला मारणारी बुरशी. मेलेल्या लाकडावर ती येतेच, पण जिवंत ओंडक्यावरही येते, जर वारा नसेल आणि साल सतत ओली असेल. भिलारला मामेभावाला हाच त्रास झाला, तोही भर पावसात स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांवरचा जुना प्लास्टिकचा मल्चिंग कागद ओंडक्यांवर टाकल्यावर. कागद काढून चौकट रचली, थांबलं.

आणि माझ्याकडे २०२४ ला काय झालं ते सांगायला हवं. आमच्या शेजाऱ्यांचं आलं असतं, सातारी. कंद कुजू नये म्हणून ते शेणखतात ट्रायकोडर्मा मिसळतात, त्याआधी ते गुळाच्या पाण्यात दोनशे लिटरच्या पिंपात वाढवतात. बरोबरच करतात, आल्याला आणि हळदीला ट्रायकोडर्मा वरदान आहे. फक्त ते पिंप आमच्या सामायिक कुंपणाला लागून होतं, आणि कुंपणाच्या अलीकडे माझे ओंडके. मी आपली हिरवी भुकटी ब्रशनं झाडतेय, आणि पलीकडे काका तीच बुरशी काठीनं ढवळतायत. सांगितल्यावर त्यांनी पिंप विहिरीकडे हलवलं, वर म्हणाले, “तुमच्या लाकडाला रोग झाला की आम्हाला सांगा, आमच्याकडे त्यावर औषध आहे.” ते औषध म्हणजे अर्थातच ट्रायकोडर्मा.

दुकानातून बुरशीनाशक आणून मारू नका, मला एकानं ते दिलंही होतं. शिटाके स्वतः बुरशीच आहे, आणि लाकडानं शोषलेलं औषध पुढे आपल्याच भाजीत येणार. वाळवीच्या औषधाचंही तेच. वाळवीला मी विटांचा थर आणि दर आठवड्याला ओंडके उचलून बघणं एवढंच करते. मुंग्या, खारी, उंदीर येत असतील तर बियाणं गव्हावरचं आहे का बघा. भोकातला गहू म्हणजे त्यांना पंगतच. ओंडक्यांसाठी भुशावरचं नाहीतर खुंट्यांवरचं बियाणं मागा.

हातात असलेल्या ओंडक्यांचं काय करायचं

बुरशी दिसली म्हणून फेकू नका. आधी एका भोकाजवळची साल चाकूनं नखभर उचला. खाली लाकूड पांढरं-पिवळसर, कुरतडलं तर मऊसर, वास ताज्या अळिंबीचा, तर ओंडका जिवंत आहे. वरची हिरवी भुकटी कोरड्या ब्रशनं झाडा (तोंडाला फडकं बांधून), आठवडाभर पाणी बंद, वाऱ्याला ठेवा. तोंडावर पांढरे ढग आणि त्यात तपकिरी डाग दिसले तर घाबरू नका, ते शिटाकेचंच जाळं आहे. माझ्या बहिणीनं असा चांगला ओंडका बुरसटला म्हणून बंबात घातला.

सालीखाली तपकिरी कोरडं, भोकातलं बियाणं बोटानं भुकटी होणारं, किंवा काळं, ओलं, आंबूस, तर गेला. त्याला बाकीच्यांपासून लांब न्या आणि शेताच्या बांधाला टाका. अधलेमधले असतील, चार भोकं जिवंत आणि दहा मेलेली, त्यांना एकदा चोवीस तास बुडवून वर्षभर द्या. माझे असे तीन होते. एकानं साथ दिली.

जाळं पसरूनही कोंब धरत नसतील, वजनही ठीक असेल, तर ती वेगळी तक्रार. बियाणं भरल्यापासून सहा महिने ते दीड वर्ष लागतं, त्याआधी अपेक्षाच करू नका. मग बियाण्याची जात विचारा. थंडीत धरणारी जात श्रावणात कितीही भिजवली तरी ढिम्म राहते. माझी थंडीची आहे, म्हणून मार्गशीर्षात रात्री गारठल्या की गार पाण्यात चोवीस तास बुडवते आणि बाहेर काढताना ओंडका उभा धरून दगडावर दोनदा आपटते. जपानात ओंडके ठोकायची जुनी रीत आहे. आठवड्याभरात साल फोडून तपकिरी बटणं वर येतात, पुढच्या आठवड्यात तोडायची. मग दीड-दोन महिने ओंडक्याला विसावा.

पहिल्यांदा तोडाल तेव्हा ओळख पटवूनच खा. टोपी तपकिरी, कडेला पांढरट लव, खाली पांढऱ्या पट्ट्या, देठ चिवट. टोपी काळ्या कागदावर रात्रभर पालथी ठेवली की छाप पांढरा उमटतो. विटकरी-तपकिरी छाप आला तर ती दुसरीच अळिंबी, आणि लाकडावर येणाऱ्या तशा काही जिवावर बेतणाऱ्या असतात. नीट शिजवूनच खा. कच्चं किंवा अर्धकच्चं शिटाके खाऊन काहींच्या अंगावर चाबकाचे वळ उठल्यासारखं पुरळ येतं.

जागेचं एक राहिलं. जावळी, पाटण, शिराळ्याचा चांदोलीकडचा भाग, इथे ओंडके वाईपेक्षा सोपे जातील, तिथे पावसाळ्यात वारा खेळता ठेवला की झालं. माण, खटाव, आटपाडी, जत इकडच्यांनी मला विचारलं तर मी ओंडक्यांच्या नादी लागू नका म्हणेन. तिथे उन्हाळाभर हौदात घालायला पाणी आणायचं कुठून? भुशाच्या पिशव्यांवर, बंद खोलीत, हिवाळ्यापुरतं करा.

सध्या माझ्याकडे अकरा ओंडके आहेत. पाच नंबर आज सकाळी काट्यावर आठ किलो भरला. हौद भरून ठेवलाय, रात्री जेवणं झाली की आत जाईल.